लोण्यावाचून मफिन

‘दूध नको, अंडं नको, लोणी नको, मग केक तरी कशाला हवा? सरळ शिरा करून खावा की!’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं. माझ्या केकच्या क्लासला येणाऱ्या कित्येकींनी ते ऐकलंय आणि त्यावर हसल्याही आहेत. शिऱ्यात चांगलं वाटीभर तूप असतं, हे त्यांच्यातल्या एकीनेही मला सुनावलं नाही आणि माझ्या तर ते ध्यानातच आलं नाही.

आज मी फळांचे मफिन करते ते व्हीगनच करते. कोणी मागितले म्हणून नाही, सगळ्यांसाठीच तसे करते. हा बदल कसा झाला ते सांगायचंय. मात्र मी व्हीगन झालेले नाही, हे आधीच सांगून टाकते. वरणभातावर तूप लागतं आणि सकाळचा चहा दुधाचाच लागतो. माझं मत बदललं ते तेवढ्या एका टीनपुरतं, पण तिथे ते पुरतं बदललं.

मी केक शिकले पुण्याच्या कॅम्पातल्या एका बाईंकडे. त्यांच्याकडे मापाचे कप नव्हते, तराजू होता. आधी एका पारड्यात अंडी ठेवायची, कवचासकट. जेवढं त्यांचं वजन भरेल तेवढंच लोणी, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा. लोणी-साखर हात भरून येईपर्यंत फेटायची. पिवळं लोणी पांढरट, हलकं झालं की मग एकेक अंडं. यात कुठे काटकसर केलेली बाईंना खपत नसे. घरी माझ्याकडे काचेची खिडकी असलेला तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता. त्यात एका बाजूने केक करपायचा, तरी चव अशी की करपलेली बाजूही मुलं खरवडून खायची. केक म्हणजे लोणी आणि अंडी, हे डोक्यात बसलं ते असं.

पुढे ऑर्डरी घ्यायला लागले तेव्हा एगलेस करावाच लागला. पुण्यात केकचा धंदा करायचा आणि एगलेस येत नाही म्हणायचं, हे चालतच नाही. कोणाचा गुरुवार, कोणाचा श्रावण, जैन गिऱ्हाईकं तर बारा महिने. मिल्कमेडचा डबा, बटर, सोडा घालून तो केक मी करायचे, विकायचे आणि मनातून त्याला दुय्यम मानायचे. त्यात पुढे हे व्हीगन आलं. आता मिल्कमेड गेलं, दही गेलं, बटर गेलं. उरला मैदा, साखर आणि पाणी, म्हणजे निवडणुकीची पोस्टरं चिकटवायची खळ! मी ऑर्डर घ्यायचेच नाही. ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून फोन ठेवायचे.

थोडी चीडही होती, ती लपवत नाही. ज्या घरात रोज रात्री दूध विरजलं जातं, त्या घरातली मुलगी परदेशातून दोन वर्षांत परत येते आणि बदामाच्या दुधाचा खोका आणते, त्या खोक्याच्या किमतीत आमचं आठवड्याचं दूध येतं. हे श्रीमंतांचं खूळ आहे, असं माझं स्पष्ट मत होतं.

माझ्या लेकीच्या मित्रमंडळींचा एखाद्या रविवारी आमच्याकडे ब्रंच असतो. अकराच्या सुमारास येतात, दोनपर्यंत हलत नाहीत. आमच्या ह्यांच्या मते ब्रंच म्हणजे उशिरा उठल्याची सबब. त्या घोळक्यातली एक मुलगी व्हीगन आहे. आमच्याकडे मिसळ असते, ती तिला चालते. फक्त दही नको. पावाला वरून काय लावतात, हे तिने एकदा विचारलं म्हणून मी बेकरीत जाऊन चौकशी केली. बेकरीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या धंद्यावरच शंका घेतेय. मग ‘तेल’ एवढंच म्हणाला. पण गोडाचं ताट आलं की ती मुलगी पपईच्या फोडी घेऊन बसायची. लेक म्हणाली, ‘आई, तिच्यासाठी मफिन कर ना. दर वेळी ती नुसती फळं खाऊन उठते.’

गाईगुरांच्या प्रेमाने मी ओव्हन लावला असं म्हटलं तर ते खोटं होईल. घरी आलेलं माणूस आपल्या पंगतीत हात आखडून बसलंय, हे मला बघवेना. सुरुवात झाली ती एवढ्यावरच.

मग मी पहिल्यांदा शांतपणे विचार केला, की मफिनमध्ये लोणी काय काम करतं आणि अंडं काय करतं? इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मी कधी सुटा करून पाहिला नव्हता. बाईंच्या केकमध्ये उत्तर सरळ आहे. साखरेबरोबर फेटताना लोणी हवा धरून ठेवतं, अंडं फेटून आणखी हवा भरते आणि केक फुगतो तो त्या हवेवर. पण मफिन आपण फेटतो कुठे? कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, दोन्ही एकत्र करून डावाने आठ-दहा वळसे दिले की संपलं. गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या. जास्त घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो, मफिनचं डोकं टोकदार होतं आणि कापल्यावर आत लांबट भोकं दिसतात. म्हणजे हवा भरण्याचं जे काम लोण्या-अंड्यांचं म्हणून मी त्यांना मान देत होते, ते काम मफिनमध्ये कोणी करतच नाही. तिथे फुगवतो तो सोडा. त्याला आंबट काहीतरी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बस्स. लिंबाचा रस चालतो, व्हिनेगर चालतं.

उरलं लोण्याचं दुसरं काम, ते म्हणजे मऊपणा. बाजारातल्या बटरमध्ये स्निग्धांश असतो साधारण 80 टक्के, बाकी बहुतेक पाणी. तेल मात्र पूर्ण तेलच. शिवाय बटर गार झालं की घट्ट होतं, तेल होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेला बटरचा मफिन कडक लागतो आणि तेलाचा मऊ राहतो. हे मला माहीत होतं. गाजराचा केक मी तेलातच करत आलेय! तरी व्हीगन म्हटलं की तेल म्हणजे तडजोड, असं मीच म्हणायचे.

आणि अंडं? ते बांधून धरतं, ओलावा देतं, रंग आणतं. बांधायला पिकलेलं केळं पुरतं आणि त्यालाही जोड हवी असेल तर जवस आहे. माझं सासर वऱ्हाडातलं, तिथे जवसाची चटणी रोजच्या पानात असते. भाकरीवर चटणी, त्यावर कच्चं तेल. पण भाजल्याशिवाय जवस मी कधी वापरलं नव्हतं. कच्चं जवस मिक्सरवर बारीक करून एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून पाण्यात कालवून ठेवली. पाच मिनिटांनी पाहिलं तर नुसतं गढूळ पाणी. दहा मिनिटांनी चमचा उचलला तर खालून तार आली, लांब, चिकट, अगदी फोडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. बोटांना तोच बुळबुळीतपणा. जवसाच्या सालीत हा चिकट अंश असतो आणि तो दाणे कुटल्यावर पाण्यात भराभर उतरतो. सासूबाई आज असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘चटणीचं वाटोळं केलंस.’

आता प्रमाण देते, कारण नुसत्या गप्पांनी मफिन होत नाहीत. मैदा 250 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन कप. साखर 150 ग्रॅम. बेकिंग पावडर दोन टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्ध्याला किंचित कमी. सालीवर काळे ठिपके पडलेली मोठी केळी तीन, काट्याने कुस्करून. तेल 80 मिली, वास नसलेलं. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल नको, मफिनला फोडणीचा वास येतो. नारळाचं दाट दूध किंवा सोयाबीनचं दूध 120 मिली, त्यात एक टेबलस्पून लिंबाचा रस. वर सांगितलेलं जवस. ओव्हन आधीच 190 अंशांवर तापलेला हवा, कारण लिंबू आणि सोडा भेटले की गॅस लगेच सुटायला लागतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही. पेपर कप पाऊण भरायचे, वरून चिमूटभर साखर पेरायची. अंडं नसल्यामुळे रंग फिका येतो, ती कसर ही साखर थोडी भरून काढते. सोयाच्या दुधात प्रथिनं जास्त, त्याने रंग अधिक बरा येतो. वीस-बावीस मिनिटांत टूथपिक स्वच्छ निघते. बारा मफिन होतात.

केळ्याचं जमलं की मग फळांशी खेळता येतं. चिकू उत्तम. घोलवडचा मिळाला तर साखर कमी करा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बारीक चिरून, मैद्यात घोळवून घाला, नाहीतर तिचं पाणी सुटून मफिन खाली गिच्च राहतो. आंब्याच्या रसाचे होतात, पण भाजल्यावर हापूसचा वास निम्मा उडून जातो. तो रस वाटीतच बरा, असं माझं मत आहे आणि ते बदलायची शक्यता नाही. जांभळं घातली तेव्हा मात्र गंमत झाली. मफिन कापला तर जांभळाभोवती हिरवट-निळसर कडं. लेक म्हणाली, बुरशी आली. बुरशी नव्हे, जांभळाचा रंग सोड्याने बदलतो, आंबटात लालसर आणि सोड्यात निळा-हिरवा. सोडा चिमूटभर कमी केला, लिंबू वाढवलं आणि रंग जागेवर आला.

रविवारी मफिन टेबलावर ठेवले तेव्हा मी ‘व्हीगन’ हा शब्दच उच्चारला नाही. त्या मुलीला तेवढं हळूच सांगितलं, ‘तुला चालतील.’ ती म्हणाली, ‘नक्की ना, काकू? बटर नाही?’ मी म्हटलं, ‘नाही गं.’ तिने एक खाल्ला, मग दुसरा घेतला. बाकीच्यांना काही कळलं नाही. आमच्या ह्यांनी मफिन मधोमध कापला, त्यावर जाडसर बटर लावलं, खाल्ला आणि म्हणाले, ‘छान झालाय.’ आता यावर काय बोलायचं!

त्यानंतर मी या सगळ्याची थोडी माहिती काढली आणि माझ्या ‘श्रीमंतांचं खूळ’ या मताला तडे गेले. बेकिंग पावडर आली कुठून? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती 1843 साली केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही सोसत नसत, म्हणून त्याआधी 1837 साली त्याने अंड्यांवाचून कस्टर्ड केलं, मक्याच्या पिठाचं. आपण घरोघरी फ्रूट कस्टर्डसाठी आणतो ती पिवळी पावडर त्याच कस्टर्डच्या वंशातली. म्हणजे माझ्या फडताळातले दोन डबे एका बाईला अंडी आणि यीस्ट सोसत नव्हतं म्हणून जन्माला आलेले आणि मी अंड्यांवाचून केक होत नाही म्हणून सांगत होते. व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये निघाली 1944 साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत. डोनाल्ड वॉटसन हा तिचा कर्ता, सुतारकाम शिकवणारा मास्तर. तिथे तेव्हा लोणी रेशनवर होतं, ताजं अंडं माणशी आठवड्याला जेमतेम एक. श्रीमंतांचे चोचले म्हणायला हा मुहूर्त काही फारसा जुळत नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर माझं माहेर राजापूरकडचं. आजी पावसाळ्याच्या शेवटी धोंडस करायची. मोठं पिवळं तवसं किसायचं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून पातेल्यात ओतायचं, खाली चूल आणि झाकणावर रसरशीत निखारे. वर-खाली आच म्हणजे दुसरं काय, ओव्हनच. त्याची वरची खरपूस लाल पापडी मिळावी म्हणून आम्ही भांडायचो. त्यात दूध नाही, अंडं नाही. तूप असायचं, पण भांड्याला पुसण्यापुरतं. फणसाच्या रसाचं सांदणही तसंच, नारळाच्या दुधाबरोबर खायचं. हे सगळं खात मी मोठी झाले, आणि फळ, गूळ, नारळ यांवर गोड भाजता येतं, हे कोणी परदेशातून येऊन शिकवायची मला गरज नव्हती. आजीने काही तत्त्व म्हणून हे केलं नाही, हेही खरं. तिच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि ताक शेजारीपाजारी वाटलं जायचं. तेव्हा ‘आपले पूर्वज व्हीगनच होते’ असला बाष्कळपणा मी करणार नाही.

तरीही काही गोष्टींवर मी आहे तिथेच आहे. स्पंज केक अंड्यावाचून होत नाही. होतो म्हणणाऱ्यांचा मी खाल्लाय. इराण्याकडचा मावा केक माव्याशिवाय करायचा अट्टाहास कोणी करू नये. काबुली चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं, हे जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने 2014 साली दाखवून दिलं. मी करून पाहिलं, फेस खरंच उभा राहतो, अचंबा वाटतो. पण पुण्याच्या पावसाळी हवेत त्याचे मेरिंग संध्याकाळपर्यंत चिकट झाले आणि चण्याचा वास माझ्या नाकातून गेला नाही. आणि लोण्याची नक्कल म्हणून मिळणारे ते डबे मला आवडत नाहीत. काही डब्यांत तर दुधाची भुकटी निघते, मागचं बारीक वाचावं लागतं. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दुधाच्या पदार्थावरही तो असतोच. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आपल्याकडे 2022 साली झाले, त्याचं चिन्ह वेगळं आहे, पानाचं. पण तेल, केळं आणि नारळ असताना डबा हवाच कशाला? माझ्या व्हीगन मफिनला बटर-अंड्याच्या मफिनपेक्षा खर्च कमी येतो. महाग होतं ते नक्कल विकत घ्यायला गेलं की.

एक गोष्ट राहिली आणि ती सांगताना मी जरा अडखळतेय. त्या मुलीला मी एकदा विचारलं, ‘अंड्याचं समजू शकते, पण दुधाने काय केलंय?’ तिने भाषण दिलं नाही. म्हणाली, ‘काकू, खरवस कुणाचा असतो?’ मी गप्प बसले. व्यायलेल्या गाईचा पहिला चीक वासराचा असतो, हे मला कोणी सांगायला नको. गोठ्यात वाढलेली मी, वासराला दोन सडं सोडली जायची हेही पाहिलंय आणि पुढे ती सोडणं कमी होत गेलं हेही. गोऱ्हा असला की त्याचं काय व्हायचं, हे विचारायचं नाही असं आम्हा मुलांना न सांगता कळलेलं होतं. तरीही वेलदोडा-केशर घातलेला खरवस उद्या समोर आला तर मी नाही म्हणणार नाही. त्या मुलीचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि मी तसं वागतही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पूर्वी मी ‘शिरा खा’ म्हणून विषय उडवून लावायचे, आता लावत नाही, एवढाच फरक पडलाय.

क्लासमध्ये आता मफिनचा धडा मी तेल, केळं आणि जवस यांनीच सुरू करते. बटर कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, हे त्याने चटकन कळतं. शिकायला येणाऱ्या काहीजणी कुरकुरतात, खाल्ल्यावर थांबतात.

घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एवढंच सांगणं, की व्हीगन म्हटल्याबरोबर नाही म्हणू नका. स्पंजला नाही म्हणा, फळांच्या मफिनला हो म्हणा. आणि ब्रंचला जाणाऱ्यांनो, काय चालत नाही ते शनिवारी रात्री उशिरा मेसेज करून कळवू नका, बुधवारीच सांगा. हिरवी केळी काळ्या ठिपक्यांवर यायला तीन-चार दिवस लागतात.